ठासणीच्या बंदुकीची शिस्त

शाळेंत सर्वांत अधिक वेळां उच्चारला जाणारा शब्द कोणता, असें मला कोणीं विचारलें तर मी 'शिस्त' हाच सांगेन. पुष्कळांची समजूत अशी कीं, हा शब्द संस्कृतांतील 'शास्' धातूपासून, निदान 'शिष्ट' या शब्दापासून तरी आला असावा. वस्तुस्थिति तशी नाहीं. फारशींत 'शस्त' म्हणजे तिरंदाज अंगठ्यांत घालीत तें कडें, आणि त्यावरून पुढें नेम. जुन्या मराठींत 'शिस्त धरणें' म्हणजे बाणाचा अथवा बंदुकीचा नेम धरणें. बंदुका गेल्या, शब्द मागें राहिला आणि तो आम्हां मास्तरांच्या हातीं लागला. आज त्याच्या मूळ अर्थाचाच विचार करावयाचा आहे. मास्तरानें बंदुकीवर लिहावें हें कांहीं वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांच्या जुन्या वाड्यांत माळ्यावर किंवा देवळीच्या वर खुंटीला एखादी लांब नळीची बंदूक अजून टांगलेली आहे, त्यांना तरी तें अस्थानीं वाटूं नये.

बीडहून दक्षिणेस मांजरसुंब्याकडे गेलें कीं बालाघाटाच्या रांगेंत कपिलधार लागतें. मन्मथस्वामींची समाधि आणि पावसाळ्यांत कड्यावरून कोसळणारी धार यांमुळें हें स्थान महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु यात्रेकरूला जी दरी रम्य वाटते ती कुणब्याला निराळी दिसते. सीताफळाच्या झुडपांनीं भरलेले उतार, मधून मधून ओढे, आणि ओढ्याच्या कांठीं ज्वारीचीं, तुरीचीं, भुइमुगाचीं लहान लहान शेतें. दिवसा झुडपांत पडून राहिलेलीं रानडुकरें रात्रीं खालीं उतरतात आणि एका रात्रींत भुइमुगाची पट्टी नांगरल्यासारखी उकरून टाकतात. त्यांतही दिवाळी झाली कीं या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघून जातात. मागें राहतात म्हातारीं माणसें आणि शाळेचीं मुलें. राखण तींच करतात. मग कोणाच्या तरी घरची ठासणीची बंदूक बाहेर निघते.

येथें कायद्याचें थोडें सांगितलें पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याला अशी बंदूक परवान्यानें बाळगतां येते. परंतु बंदुकीचा परवाना हा प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकार बंद झाली. हरिण, काळवीट, मोर यांचें तर नांवच काढूं नये. शेजारच्या पाटोदा तालुक्यांत नायगांवला १९९४ पासून मोरांसाठीं अभयारण्य आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरावर गोळी घालावयाची तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यांत माणसें मारणारा बिबट्या डिसेंबरांत सोलापूरकडील करमाळा तालुक्यांत ठार झाला, तोही सरकारी आदेश निघाल्यावर. तेव्हां हौसेची शिकार हा विषय संपलेला आहे. उरली आहे ती राखणीची बंदूक. आणि तिच्या बाबतींत कोणीही विचारीत नाहीं असा एक साधा प्रश्न आहे: ती जेथें पाहते तेथें मारते काय?

हा प्रश्न न विचारल्याचा परिणाम आमच्या बाजूच्या एका वाडीनें भोगला. रात्रीं एकानें डुकरावर बार काढला. गोळी मागच्या पायाला चाटून गेली. डुक्कर ओढ्यांत शिरलें, आणि सकाळीं तुरीच्या शेंगा तोडायला गेलेल्या बायकांपैकीं एकीवर तें धांवून आलें. बाई वांचली, पण तिच्या मांडीवर वीतभर लांबीची जखम झाली. ठासणीच्या बंदुकीला दुसरी गोळी नसते. ती पुन्हां भरावयास सरावलेल्या हातालाही अर्धा मिनिट सहज लागतो, आणि अंधारांत घाबरलेल्या माणसाला तर किती लागेल याचा हिशेबच नको. म्हणून जी एकच गोळी आहे ती कोठें जाणार हें आधीं कागदावर सिद्ध झालेलें असलें पाहिजे.

नेमाची ही सोय बंदुकीवर कशी असते, याचें वर्णन संस्कृतांतही आहे. शुक्रनीतींत 'नालिक' नांवाच्या अस्त्राचें वर्णन येतें. पांच वितस्ति, म्हणजे सुमारें पावणेचार फूट लांबीची नळी, मुळाशीं व टोंकाशीं लक्ष्य साधण्यासाठीं तिळाएवढा बिंदु, कानापाशीं आघातानें ठिणगी पाडणारा दगड, उत्तम लांकडाचा दस्ता, आणि दारू ठासण्यासाठीं शलाका. गज, कान, माशी: आपल्या बंदुकीचें एकही अंग ग्रंथकारानें सोडलेलें नाहीं. बारुदाचें प्रमाणही त्यानें दिलें आहे: सोरा पांच भाग, गंधक एक, आणि रुई-निवडुंगादिकांचा कोळसा एक. आजचें रूढ प्रमाण शेंकडा पंचाहत्तर, दहा आणि पंधरा. अंतर फारसें नाहीं. मद्रासच्या गुस्ताव ऑपर्ट या पंडितानें १८८० सालीं यावरून प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादन केलें, आणि आपल्याकडील अनेकांना त्याचा मोठा आनंद झाला. मला तो आनंद घेतां येत नाहीं. ठिणगी पाडणारा दगड हाच मुळीं साक्षीदार आहे. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीच्या बंदुका आपल्याकडे आधीं आल्या; गारगोटीच्या चापाची बंदूक त्यानंतर पुष्कळ काळानें आली. जो ग्रंथ ती वर्णितो तो तिच्यापूर्वींचा कसा असेल? १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं शुक्रनीति एकोणिसाव्या शतकांतील आहे असें मांडलें तें मला अधिक पटतें. मात्र ग्रंथ अलीकडचा ठरला म्हणून तिलबिंदूचें महत्त्व कमी होत नाहीं. बिंदु दोन हवेत हें त्या ग्रंथकाराला कळलें होतें, आणि आज माळ्यावरून बंदूक काढणाऱ्या पुष्कळांना तें कळत नाहीं.

एका बिंदूनें रेषा ठरत नाहीं, ही भूमितीची पहिलीच गोष्ट. नळीच्या टोंकाशीं असते ती माशी. डोळ्याकडील बाजूस असते ती खाच. खाचेच्या मधोमध माशीचा माथा, आणि त्या माथ्यावर लक्ष्य, अशीं तिन्हीं एका ओळींत आलीं कीं दृष्टीची रेषा ठरली. इंग्रज सैन्याच्या जुन्या 'ब्राउन बेस' बंदुकीला मागची खाच नव्हती. संगीन अडकविण्याचा खिळा हीच तिची माशी. तिची नळी आंतून गुळगुळीत असल्यानें गोळी कोठें जाईल याचा भरंवसा नसे, म्हणून खाचेची उणीवही कोणाला फारशी भासत नसे. पुढें १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली. तिच्या नळींत पीळदार खाचा असत. त्यांत गोळी घट्ट बसून फिरत बाहेर पडे आणि फिरत्या भोंवऱ्याप्रमाणें आपली दिशा सोडीत नसे. साहजिकच तिला मागें उभी करतां येणारी, अंतराचे आंकडे कोरलेली शिडी बसविलेली होती. डमडम, अंबाला व सियालकोट येथें शिपायांच्या तुकड्या बोलाविल्या होत्या त्या ही नवी बंदूक आणि तिचा नेम शिकण्यासाठींच. पुढें काडतुसांवरून काय घडलें तें प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. परंतु वंगण लागतच कशाला, हें मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचित् सांगतात. नळींत तोंडाकडून घट्ट बसणारी गोळी गजानें तळापर्यंत ढकलावयाची तर तिच्याभोंवतीं ओशट कागद किंवा चिंधी हवीच. आजही तेल लावलेली सुती चिंधी गोळीखालीं धरूनच ती ठासतात. कशाचें वंगण, हाच काय तो १८५७ चा प्रश्न होता.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

सर्वांत आधीं एक तपासणी, आणि ती ज्यांना बंदूक कधीं चालवावयाची नाहीं त्यांनीं देखील अवश्य करवून घ्यावी. जुनी बंदूक भरलेली आहे कीं रिकामी हें बाहेरून दिसत नाहीं. आजोबांनीं ठासून ठेवलेला बार नातवाच्या हातीं उडूं शकतो. नळीचें तोंड माणसांपासून दूर, निर्जन बाजूस धरून, डोकें बाजूला ठेवून, गज हळूच आंत सोडावा व नळीच्या तोंडाशीं त्यावर खूण करावी. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरील अंगाला लावावा. त्याचें टोंक कानापर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. दोन-चार बोटें अलीकडे राहिलें तर आंत बार आहे असें समजून बंदूक तशीच परवानाधारक कारागिराकडे न्यावी. विस्तव, हातोडी किंवा घरगुती युक्ति यांना तेथें स्थान नाहीं. नळीला तडा आहे काय, कान झिजून मोठा झाला आहे काय, हेंही त्याच कारागिराला पाहूं द्यावें. जिम कॉर्बेट यांची लहानपणची पहिली बंदूक ठासणीची दुनळी होती आणि तिची एक नळी फुटकी होती. परंतु सर्वांचें दैव कॉर्बेटसारखें नसतें.

दारू काळीच हवी. काडतुसांतील आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकींत घालणें म्हणजे नळी फोडणें. ती परवानाधारक दुकानांतूनच घ्यावी. घरीं करण्याच्या भरीला कोणीं पडूं नये. मूठ किंवा अंदाज उपयोगाचा नाहीं, ठराविक माप हवें. गोळी मऊ शिशाची, नळीच्या भोकाहून चिंधीच्या जाडीपुरती लहान. गोळी थेट दारूवर टेकली पाहिजे. मध्यें पोकळी राहिली तर नळीवर विपरीत ताण येतो. यासाठीं योग्य भरलेल्या बंदुकींत गज कोठवर जातो त्याची दुसरी खूण गजावर करून ठेवावी. जागा सरकारमान्य चांदमारीची, अथवा अधिकाऱ्यांनीं लेखी संमति दिलेली, आणि पाठीमागें उंच मातीचा बांध असलेली. कपिलधारेच्या दरींत तर याला फार महत्त्व आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या दिंड्या पायीं येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतांत तूर उभी असते. झुडपाआड हाललें तें डुकरच असेल असें तेव्हां कोणीं समजूं नये.

वाळूनें भरलेल्या पोत्यावर बंदूक टेकवावी, म्हणजे हाताचा कंप हिशेबांत येत नाहीं. नळी उघडी पोत्यावर न टेकतां खालचें लांकूड टेकवावें. पंचवीस मीटरांवर मोठा कागद लावून मध्यें काळें वर्तुळ काढावें. एका गोळीवरून कांहींही ठरवूं नये. एक गोळी म्हणजे एक अफवा. एकाच ठिकाणीं नेम धरून तीन किंवा पांच गोळ्या माराव्या आणि कागदाजवळ जाऊन पाहावें. भोकें चहूंकडे विखुरलेलीं असलीं तर माशीला हात लावूं नये. दोष दारूच्या मापांत, चिंधींत, चाप ओढण्याच्या झटक्यांत किंवा नळीच्या काजळींत आहे. भोकें एकमेकांजवळ असून ठिपक्यापासून दूर असलीं तर मात्र आनंद मानावा. बंदूक इमानी आहे, फक्त तिला दिशा दाखवावयाची आहे.

गेल्या वर्षीं शेजारचा एक तरुण शेतकरी असाच एक कागद घेऊन माझ्याकडे आला. आजोबांच्या नांवची बंदूक रीतसर त्याच्या नांवावर झाली होती. पांचही भोकें तळहाताएवढ्या जागेंत, पण ठिपक्याच्या डावीकडे बरोबर दहा सेंटिमीटर. "गुरुजी, माझा डोळाच खराब दिसतोय," तो म्हणाला. मी म्हटलें, "अरे, डोळा खराब असता तर पांचही एका जागीं कशीं पडलीं असतीं? त्रैराशिक मांड." माशी व खाच यांतील अंतर ऐंशी सेंटिमीटर. निशाण पंचवीस मीटरांवर, म्हणजे अडीच हजार सेंटिमीटरांवर. अडीच हजारांस दहा, तर ऐंशीस किती? बत्तीस शतांश, म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक. माशी तेवढी सरकली होती. बहुधा कधीं तरी बंदूक पडून तिला ठोकर बसली असावी. भास्कराचार्यांच्या लीलावतींत त्रैराशिकाचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. बंदुकीचें नाहीं एवढेंच.

आतां माशी कोणीकडे सरकवावी? येथें बहुतेकांचा घोंटाळा होतो. गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच सरकवावयाची. कारण नंतर ती पुन्हां खाचेच्या मध्यावर आणतांना नळीचें तोंड आपोआप उजवीकडे येतें. मागच्या खाचेचें उलट: गोळी जिकडे न्यावयाची तिकडे खाच न्यावी. उंचीचा नियमही तोच. गोळ्या खालीं पडत असल्या तर माशीचा माथा कानशीनें घासून कमी करावा, म्हणजे नेम धरतांना नळीचें तोंड वर उचललें जाईल. म्हणूनच जाणता कारागीर माशी मुद्दाम थोडी उंच ठेवतो. घासतांना कंजूषपणा करावा. दोन वेळां कानस फिरवून पुन्हां तीन गोळ्या माराव्या. घासलेलें धातु परत येत नाहीं. हें काम कारागिराकडून करवून घेतलें तरी हिशेब आपला आपण करून न्यावा, नाहीं तर तोही अंदाजानेंच ठोकतो.

प्रत्येक बारानंतर नळींत काजळीचा थर बसतो. दुसरी गोळी अधिक घट्ट जाते आणि तिचा मार्ग बदलतो. दमट हवेंत तर ही काजळी पाणी शोषून चिकट होते. म्हणून प्रत्येक गोळीनंतर ओल्या, मग कोरड्या फडक्यानें नळी पुसावी. तसें करतांना हात मापावर असावा, कारण शेतांत जी एकच गोळी सुटणार ती स्वच्छ नळींतूनच सुटणार आहे; तेव्हां परीक्षाही स्वच्छ नळीचीच झाली पाहिजे.

पंचवीस मीटरांवर नेम बसला म्हणजे पन्नासावर पाहावें. गोळी नळींतून सुटतांच पृथ्वी तिला खालीं ओढूं लागते. पडणारी वस्तु पहिल्या सेकंदांत सोळा फूट खालीं येते. सेकंदाच्या दशांशांत सुमारें दोन इंच, दोन दशांशांत त्याच्या चौपट. सेकंदाला दीड हजार फूट वेगानें निघालेल्या गोल गोळीला पन्नास मीटर जावयास दशांशाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि हवा तिला अडवीत असल्यानें पुढच्या पन्नासांना त्याहूनही अधिक. म्हणून पन्नासावर ठिपका फोडणारी गोळी शंभरावर चांगली पांच-सहा इंच खालीं उतरते. डुकराच्या बाबतींत काळीज आणि पाय यांमधील फरक एवढाच. पीळ नसलेल्या गुळगुळीत नळीची गोळी तर पन्नास पावलांपलीकडे डावी-उजवीकडेही भटकते. अशी बंदूक कितीही नेटकी बसविली तरी तिच्या मर्यादेबाहेर चाप ओढूं नये. 'अकबराच्या 'संग्राम' नांवाच्या बंदुकीनें एक हजाराहून अधिक जनावरें मारलीं,' असें ऐने अकबरींत लिहिलें आहे. पण त्या बंदुकीची परीक्षा करणारे आणि ती राखणारे लोक किती होते हेंही त्याच ग्रंथांत वाचावें.

आमच्या तरुण मित्रानें अखेर एक वही घातली. तारीख, दारूचें माप, अंतर, भोकें कोठें पडलीं, माशी किती सरकविली, सर्व तींत लिहिलेलें आहे. वनखात्याची परवानगी त्याच्याजवळ होती. तरी त्या हंगामांत त्यानें डुकरावर एकही गोळी घातली नाहीं. दोनदा गोळी न घालतां नुसती दारू भरून आवाज केला, त्यानें कळप उठून गेला. एक मोठें डुक्कर तीस पावलांवर उभें होतें, पण त्याच्या मागें दिंडीची वाट होती.

निवडणुकीच्या काळांत पुष्कळ ठिकाणीं परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात. तेथें शेंकडों नळ्या एकमेकींवर रचलेल्या असतात. परत आलेली बंदूक घरीं आणल्यावर पुन्हां तीन गोळ्यांची परीक्षा दिल्याशिवाय तिच्यावर विसंबूं नये. बार काढल्यावर त्याच दिवशीं नळी उकळत्या पाण्यानें धुवून, कोरडी करून, तेलाचा हात द्यावा. काळ्या दारूची राख एका रात्रींत गंज धरते. या कामासाठीं पातेलें मात्र निराळें ठेवावें. स्वयंपाकघरांतील पातेल्यांत बंदुकीचा गज बुडालेला कोणत्याही घरांत खपवून घेतला जाणार नाहीं, आणि त्या बाबतींत मी गृहिणींच्या पक्षाचा आहें.